हाकलून दिल्यावर तो जातो कुठे?

दोन कैदी आहेत. दोघांनीही लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केले, दोघांनाही सारखीच शिक्षा झाली. पहिल्याने तुरुंगात उपचार घेतले, वागणूक नीट ठेवली, म्हणून त्याला मुदतीआधी अटींवर सोडण्यात आलं. ठरलेल्या दिवशी अधिकाऱ्यापुढे हजेरी, दारूला बंदी, नोंदवलेल्या पत्त्यावरच मुक्काम. दुसऱ्याने उपचारांकडे पाठ फिरवली. तो बाहेर पडला की पुन्हा तेच करणार, अशी तुरुंगातल्या तज्ज्ञांची जवळजवळ खात्री होती. म्हणून त्याला शिक्षेच्या अगदी शेवटच्या दिवसापर्यंत आत ठेवलं. तो दिवस उजाडला. शिक्षा संपली, तशी अटी घालायची सोयही संपली. हजेरी नाही, अधिकारी नाही, पत्ता विचारणारं कुणी नाही.

म्हणजे ज्याची भीती सर्वांत जास्त, तोच सर्वांत मोकळा.

हे कोडं कागदावरचं नाही. कॅनडाने १९८६ मध्ये कायदा बदलून धोकादायक वाटणाऱ्या कैद्यांना पूर्ण मुदत आत ठेवण्याची सोय केली. हेतू चांगला होता. पण पुढच्या काही वर्षांत या कैद्यांच्या मुदती एकेक करून संपू लागल्या, आणि ‘आता यांचं काय?’ हा प्रश्न कुणी आधी विचारलाच नव्हता असं लक्षात आलं.

हॅमिल्टनमधला उन्हाळा

१९९४ साली ओंटारिओ प्रांतातल्या हॅमिल्टन या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात असाच एक माणूस आला. या विषयावरच्या लिखाणात त्याचा उल्लेख ‘चार्ली’ असा होतो. बुद्धीने मंद, बालपण अनाथाश्रमासारख्या संस्थांमध्ये गेलेलं, आणि मुलांवरच्या अत्याचारांबद्दल पुन्हा पुन्हा तुरुंगात गेलेला. तो येणार ही बातमी त्याच्याआधी पोचली. वर्तमानपत्रांत फोटो आले, पालक फलक घेऊन रस्त्यावर उतरले, पोलिसांनी त्याच्यावर रात्रंदिवस पाळत ठेवली. पाळतीचा खर्च अवाढव्य होता, आणि ती जन्मभर चालणार नाही हे पोलिसांनाही कळत होतं.

तुरुंगातल्या एका मानसशास्त्रज्ञाला हॅरी नाय यांची आठवण झाली. नाय हे हॅमिल्टनमधल्या एका छोट्या मेनोनाइट चर्चचे पाद्री. मेनोनाइट हा अहिंसा मानणारा ख्रिस्ती पंथ. कैद्यांना भेटायला जाण्याच्या एका उपक्रमातून नाय चार्लीला पूर्वीपासून ओळखत होते. लैंगिक गुन्हेगारांबद्दल त्यांना काडीचंही विशेष ज्ञान नव्हतं. त्यांनी आपल्या मंडळीतली चार-सहा माणसं गोळा केली आणि कामं वाटून घेतली. रोज कुणीतरी त्याला भेटायचं. कुणी त्याला दुकानात न्यायचं, कुणी डॉक्टरकडे, कुणी घरभाड्याचं बघायचं. बदल्यात चार्लीने एकटं भटकायचं नाही आणि काही लपवायचं नाही.

त्याच वर्षी टोरोंटोत त्याच्याहून बदनाम असा एक माणूस पूर्ण मुदत भोगून आला. तिथे ह्यू कर्कगार्ड या पाद्रींनी हाच प्रयोग केला. चार्ली आणि हा माणूस दोघेही पुढे दहा वर्षांहून अधिक काळ बाहेर जगले आणि बाहेरच वारले. मुलांना त्यांच्यापासून पुन्हा इजा झाल्याची नोंद नाही.

दोन उदाहरणांवरून काही सिद्ध होत नाही, हे नाय यांनाही माहीत होतं. पण कॅनडाच्या तुरुंग खात्याने पैसे दिले, मेनोनाइटांच्या मध्यवर्ती संस्थेने काम अंगावर घेतलं, आणि या पद्धतीला नाव मिळालं ‘सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटेबिलिटी’. मराठीत आधार आणि जाब यांचं वर्तुळ म्हणता येईल.

ऐंशी टक्क्यांची दंतकथा

‘असली माणसं कधी सुधारत नाहीत’, हे वाक्य चहाच्या टपरीपासून न्यायालयापर्यंत ऐकू येतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तर ते आकड्यासकट आलं. २००२ सालच्या एका निकालपत्रात, उपचार न घेतलेल्या लैंगिक गुन्हेगारांपैकी ८० टक्क्यांपर्यंत लोक पुन्हा गुन्हा करतात असा अंदाज उद्धृत झाला. पुढे अनेक निकालांनी तो उचलला. काही वर्षांनी कायद्याच्या अभ्यासकांनी या आकड्याचा माग काढला. तो निघाला सरकारच्या एका मार्गदर्शक पुस्तिकेतून, आणि पुस्तिकेत आला होता १९८६ च्या एका लोकप्रिय मानसशास्त्रीय मासिकातल्या लेखातून. लेख लिहिणारे स्वतः असे उपचार करणारे होते. आकड्यामागे कुठलाही अभ्यास नव्हता.

मोजून काढलेला आकडा वेगळा आहे. कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि त्यांच्या सहकारी मोनिक ब्युसिएर यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र केले. त्यांत २३ हजारांवर गुन्हेगार होते. सुटल्यावर चार-पाच वर्षांत नव्या लैंगिक गुन्ह्यात सापडलेल्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्के होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हे ‘सापडलेल्यांचं’ प्रमाण आहे. लैंगिक अत्याचाराच्या कितीतरी घटना पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असणार. तरीही सगळ्यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. धोका सर्वांत सारखा पसरलेला नाही, तो थोड्यांमध्ये दाटलेला आहे. आणि तो कायमचाही नाही. हॅन्सन यांच्याच २०१४ च्या अभ्यासात दिसलं, की बाहेर राहून नवा गुन्हा न करता पाच वर्षं काढली की अतिधोकादायक गटातल्या माणसाचाही धोका जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून सुटकेनंतरची पहिली काही वर्षं सर्वांत नाजूक. लक्ष द्यायचं तर तेव्हाच.

धोका वाढतो कशाने?

गुन्हा पुन्हा घडण्याची शक्यता तपासताना तज्ज्ञ दोन प्रकारच्या गोष्टी पाहतात. पहिल्या न बदलणाऱ्या. पहिला गुन्हा कोणत्या वयात केला, आधी किती वेळा शिक्षा झाली, बळी ओळखीतला होता की अनोळखी. यांत आता कुणी काही करू शकत नाही. दुसऱ्या रोज बदलणाऱ्या. राहायला जागा आहे का, काम आहे का, दारू सुटली का, डोक्यात लैंगिक विचारांचं चक्र चालू आहे का, मोठ्या माणसांशी मैत्री जमते का, आणि ज्याच्यासमोर मान खाली घालावी लागली तर लाज वाटेल असं एक तरी माणूस आयुष्यात आहे का.

यातला एकटेपणा फार महत्त्वाचा. मुलांना लक्ष्य करणाऱ्या अनेकांना बरोबरीच्या माणसांशी जवळीक साधताच येत नाही. असा माणूस अपयशाने चिडतो, कुढतो, कल्पनांत रमतो, आणि आपल्याला नाकारू न शकणाऱ्या मुलाकडे वळतो. आता अशा माणसाला गावाने हाकललं, नोकरी मिळू दिली नाही, घर मिळू दिलं नाही, तर नेमकं काय होतं? बदलता येण्याजोग्या सगळ्या गोष्टी आपण आपल्याच हाताने बिघडवून ठेवतो.

अमेरिकेत हे कायद्याने घडवून आणलं. अनेक राज्यांनी आणि शहरांनी नियम केले, की सुटलेल्या लैंगिक गुन्हेगाराने शाळा, उद्यानं, पाळणाघरं यांच्या ठराविक अंतरात राहायचं नाही. मायामी परिसरात हे अंतर अडीच हजार फूट होतं. नकाशावर शाळांभोवती वर्तुळं काढली, तर राहायला शहर उरतच नव्हतं. उरला तो समुद्रावरून जाणारा ज्युलिया टटल पूल. २००७ च्या सुमारास या पुलाखाली सुटलेल्या गुन्हेगारांची वस्ती उभी राहिली. तंबू, फळकुटं, वर वाहनांची घरघर. काहींच्या वाहन परवान्यावर पत्ता म्हणून त्या पुलाचंच नाव छापलेलं होतं. रात्री त्यांनी तिथेच असायला हवं, म्हणून सरकारी अधिकारी हजेरी घ्यायला पुलाखाली यायचे. आणि पायात अडकवलेली माग काढणारी यंत्रं चार्ज करायला हे लोक जनरेटर चालवायचे. सरकारनेच बेघर केलेली माणसं सरकारचंच यंत्र चालू राहावं म्हणून पेट्रोल जाळत होती. २०१० मध्ये ती वस्ती उठवली गेली.

आयोवा राज्यात असाच दोन हजार फुटांचा नियम २००५ मध्ये लागू झाल्यावर बेपत्ता झालेल्या नोंदणीकृत गुन्हेगारांची संख्या काही महिन्यांतच दुपटीहून अधिक झाली. हा नियम मागे घ्या, असं तिथल्या सरकारी वकिलांच्याच संघटनेने सांगितलं. ज्यांचं काम या लोकांना तुरुंगात धाडणं, त्यांनीच हे म्हणावं यातच काय ते आलं.

मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने आणखी नेमका प्रश्न विचारला. सुटून पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी आत आलेल्या २२४ जणांच्या फायली त्यांनी उघडल्या. शाळेपासून अंतराचा नियम असता, तर यांतला कोणता गुन्हा टळला असता? उत्तर आलं, एकही नाही. कारण बहुतेकांनी बळी गाठला होता तो शाळेच्या फाटकाशी नव्हे, तर मैत्रिणीच्या, शेजाऱ्याच्या, नातेवाइकाच्या घरात.

वर्तुळ चालतं कसं?

वर्तुळं खरं म्हणजे दोन असतात. आतल्या वर्तुळात चार ते सहा स्वयंसेवक आणि मधोमध सुटून आलेला माणूस, ज्याला ‘मध्य सदस्य’ म्हणतात. बाहेरच्या वर्तुळात पोलीस, मानसशास्त्रज्ञ, परिवीक्षा अधिकारी. या दोहोंना जोडणारा एक पगारी समन्वयक. स्वयंसेवक कुणीही साधे नागरिक असतात. निवृत्त शिक्षिका, विद्यार्थी, कारकून. लहानपणी स्वतः अत्याचार सोसलेल्या काही व्यक्तीही यात आल्या आहेत. त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते, प्रशिक्षण होतं, मगच त्यांना बसवलं जातं.

सुरुवातीच्या एका बैठकीत मध्य सदस्याने आपला गुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगायचा असतो. गोलमोल नाही. काय केलं, कुणाला, त्याआधीचे दिवस कसे होते, मनाला काय समजावलं होतं. स्वयंसेवकांना ते ऐकणं जड जातं. पण सगळी यंत्रणा यावरच उभी आहे. कारण प्रत्येकाच्या गुन्ह्याला एक वाट असते. एखादा आधी कामावर भांडतो, मग दाढी करणं सोडतो, मग दुपारी प्यायला लागतो, मग ‘सहजच’ खेळाच्या मैदानाकडून चक्कर मारतो. फाइल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला शेवटची पायरी कळते. दर आठवड्याला समोर बसणाऱ्याला पहिलीच दिसते.

एरवी बैठक पाहायला गेलात, तर निराशा होईल. सार्वजनिक सभागृहातली एक खोली, चहा, बिस्किटं. आठवडा कसा गेला? घरमालकाचं पत्र आलं होतं, त्याला उत्तर दिलं का? बँकेत खातं उघडलं का? मग मध्येच, त्याच सुरात, एखादी बाई विचारते, “मंगळवारी फोन उचलला नाहीस. कुठे होतास?” तो म्हणतो, बसने फिरत होतो. कोणती बस? कोणत्या थांब्यावर उतरलास? त्या थांब्याजवळ शाळा आहे, हे तिला माहीत असतं. आणि तिला ते माहीत आहे, हे त्यालाही माहीत असतं.

नाशिककडचा शेतकरी द्राक्षाची वेल तारांच्या मांडवावर चढवतो, तसं काहीसं हे आहे. जी तार वेलीला पेलून धरते, तीच तिला वाटेल तिकडे पसरू देत नाही. आणि वेल डोळ्यांच्या पातळीवर आल्यामुळे कीड कुठे लागली तेही लगेच दिसतं. या पद्धतीच्या नावात आधार आणि जाब हे दोन शब्द आहेत, म्हणून लोकांना ती दोन वेगळी कामं वाटतात. प्रत्यक्षात आधाराशिवाय जाब विचारता येत नाही. ज्या माणसाला गमावण्यासारखं काही नाही, तो कशाला उत्तर देईल? वाढदिवसाला केक आणणाऱ्या बाईशी खोटं बोलणं मात्र अवघड जातं.

[चौकट]
गुप्तता कुठपर्यंत?
वर्तुळात बोललेलं बाहेर जात नाही. मात्र कुणाला इजा होण्याची शक्यता दिसली, तर स्वयंसेवक समन्वयकाला कळवतात आणि तो पोलिसांना. मध्य सदस्य सुरुवातीलाच या कलमावर सही करतो. इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांनी दिलेल्या माहितीवरून काही जण गुन्हा घडण्याआधीच तुरुंगात परत गेले. तिथे हे वर्तुळाचं अपयश मानत नाहीत. सहभाग ऐच्छिक असतो, आणि बैठका साधारण वर्ष-दीड वर्ष चालतात. त्यानंतरही अनेकांचा संबंध सुटत नाही.

इंग्लंडने हे का उचललं?

२००० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये आठ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला आणि देश हादरला. एका खपाच्या साप्ताहिकाने बालकांवर अत्याचार करणाऱ्यांची नावं आणि फोटो छापायला सुरुवात केली. अनेक ठिकाणी जमाव रस्त्यावर आले, भलत्याच लोकांच्या घरांवर चालून गेले. वेल्समध्ये एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंच्या दारावर कुणीतरी ‘बालअत्याचारी’ अशा अर्थाची शिवी रंगवली. इंग्रजीत दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी, एवढंच त्यांच्या दारावर रंग यायला पुरलं. नोंदणीकृत गुन्हेगार भूमिगत होऊ लागले, तसे पोलीस धास्तावले. २००२ मध्ये ब्रिटिश गृहखात्याने वर्तुळांच्या पथदर्शी प्रकल्पांना पैसे दिले. थेम्स व्हॅलीतला प्रकल्प क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी चालवला. २००८ मध्ये ‘सर्कल्स यूके’ ही देशव्यापी संस्था झाली. पुढे नेदरलँड्स, बेल्जियम, स्पेनमधलं कॅटलोनिया इथेही वर्तुळं सुरू झाली.

मोजमाप

कॅनडात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्तुळातले ४४ जण आणि तितक्याच धोक्याचे पण वर्तुळ न मिळालेले ४४ जण यांची तुलना केली. सुमारे तीन वर्षांत वर्तुळातल्यांचे नवे लैंगिक गुन्हे ८३ टक्क्यांनी कमी होते. आकडा भव्य आहे, पण त्यात एक फट आहे. वर्तुळात यायला ‘हो’ म्हणणारा माणूस मुळातच सुधारायला तयार असू शकतो. मग श्रेय वर्तुळाचं की त्याचं?

ती फट मिनेसोटाने बुजवली. २००८ पासून तिथल्या तुरुंग खात्याने वर्तुळात यायला तयार असलेल्यांतूनच चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला वर्तुळ मिळालं, दुसऱ्याला नेहमीची देखरेख. म्हणजे इच्छा दोन्हीकडे सारखी. संशोधक ग्रँट ड्यूई यांनी २०१८ मध्ये शंभर जणांचा, सरासरी सहा वर्षांचा हिशेब मांडला. नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचा धोका वर्तुळातल्यांमध्ये ८८ टक्क्यांनी कमी होता, आणि खर्च केलेल्या पैशापेक्षा वाचलेला पैसा जास्त होता. शंभर हा आकडा लहानच. दहा ठिकाणी असे अभ्यास झाले, तर फरक इतका मोठा कदाचित दिसणार नाही. पण अंतराच्या नियमांच्या बाजूने एवढाही पुरावा नाही, आणि त्यांच्यासाठी कुणी पुरावा मागतही नाही.

‘आणि पीडितेचं काय?’

हा आक्षेप पहिला येतो आणि तो रास्त आहे. अत्याचार झालेल्या मुलीला समुपदेशन मिळायची मारामार असताना गुन्हेगाराभोवती पाच माणसं चहा घेऊन बसतात, हे दृश्य चीड आणणारं आहे. याला गोड उत्तर नाही. वर्तुळाचं घोषवाक्यच ‘यापुढे एकही बळी नको’ असं आहे. म्हणजे हा खर्च गुन्हेगारावर दिसत असला, तरी तो ज्या मुलाला अजून काही झालेलं नाही त्याच्यासाठी आहे. ज्याला झालं आहे त्याच्यासाठी वेगळा पैसा आणि वेगळी माणसं लागतात. एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याच्या ताटात वाढायचं हे काम नव्हे.

दुसरी शंका फसवणुकीची. हे लोक गोड बोलण्यात तरबेज असतात, भोळ्या स्वयंसेवकांना गुंडाळतील. एकट्या माणसाला गुंडाळणं सोपं असतं. म्हणूनच एकाऐवजी चार-पाच जण असतात. एकाला सांगितलेली कथा दुसऱ्याशी जुळते का, हे बैठकीत उघडं पडतं.

आपल्याकडे काय आहे?

भारतात २०१८ साली बलात्काराची किमान शिक्षा दहा वर्षं झाली, सोळा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत वीस. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, तेव्हाच तिच्यात चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते, अमेरिकेसारखी सर्वांना नाही, हे चांगलं झालं. पण नोंदवही गुन्हा झाल्यावर संशयित शोधायला मदत करते. दहा वर्षांनी दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा पुढचा आठवडा कसा जाणार, हा तिचा प्रश्नच नाही.

कैद्यांना विश्वासावर भिंतींबाहेर ठेवण्याची, म्हणजे मोकळ्या तुरुंगाची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत झाली आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. सहा खुन्यांवर विश्वास टाकणारा जेलर आपण डोक्यावर घेतला. त्या सहांच्या जागी बलात्कारी असते, तर तो चित्रपट चालला नसता, आणि प्रेक्षकांना त्याबद्दल दोषही देता आला नसता. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि सुटलेल्यांच्या पुनर्वसनाचं काम करतो. माणसं आणि अनुभव म्हणजे अगदीच नाहीत असं नाही.

कॅनडाचा साचा मात्र जसाच्या तसा इथे बसणार नाही. तिथला सुटलेला माणूस एकटा असतो. इथला बहुधा घरी परततो, आई, भाऊ, बायको यांच्यात. वरवर पाहता हे बरंच. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. म्हणजे तो परततो त्याच वाड्यात, त्याच गल्लीत, कधी तिच्याच घरात. ज्या कुटुंबाने ‘आमच्या पोराला अडकवलं’ म्हणत खटला लढवला, तेच कुटुंब त्याचं वर्तुळ होऊ शकत नाही. ते आधार देईल, जाब विचारणार नाही.

म्हणून इथे प्रयोग करायचा, तर एका जिल्ह्यापासून, छोटा करावा. सुटकेच्या सहा महिने आधी परिवीक्षा अधिकाऱ्याने तुरुंगात जाऊन माणूस गाठावा. पाच प्रशिक्षित स्वयंसेवक कुटुंबाबाहेरचे असावेत, आणि निदान दोघं त्याच्या जातीबाहेरचे, म्हणजे भाऊबंदकीची भीड पडणार नाही. आणि तो कुठे राहणार हे ठरवण्याआधी पहिला शब्द पीडितेचा असावा. तिने ‘आमच्या गावात नको’ म्हटलं, तर वर्तुळ दुसऱ्या गावात बसवावं.